रांगेत उभं राहायला शिकलेली मुलं

त्या दिवशी फोनची बॅटरी गेली म्हणून हे सगळं सुरू झालं. एरवी लेकीची फुटबॉलची प्रॅक्टिस चालू असताना मी ग्राउंडच्या कडेला बसून फोनमध्येच असतो, खोटं कशाला बोलू, मध्येच मान वर करून "शाब्बास" म्हणायचं आणि परत खाली. पण फोन मेला, हाताला काही काम नाही, खिशात एक पेन आणि कुठलीतरी जुनी पावती, तर मी पावतीच्या मागे काड्या मारायला लागलो. लेकीचा पाय बॉलला लागला की एक काडी. चार झाल्या की पाचवी आडवी. टाइमपास म्हणून.

तासाभरात २७ काड्या झाल्या.

मोजण्यात दोन-तीन इकडेतिकडे झाल्या असतील, पण दोनशे नव्हत्या एवढं नक्की. बाकी सगळा वेळ ती रांगेत होती. चौदा पोरं एकामागे एक, समोर प्लास्टिकचे सहा कोन, कोनांमधून बॉल काढत न्यायचा, शेवटी गोलवर शॉट आणि मग पळत येऊन परत रांगेच्या शेपटाला. रांगेत ती काय करत होती तेही बघितलं मी. लेस सोडली, परत बांधली. पुढच्या मुलीची वेणी ओढली. गवत उपटलं. एकदा तर चक्क विमान बघत उभी होती, नंबर आला तेव्हा मागच्याने ढकललं तिला.

आणि गंमत म्हणजे कडेवरून हे सगळं इतकं छान दिसत होतं! सरळ रांग, रंगीत कोन, शिट्टी, सगळ्यांचे सारखे टीशर्ट. शेजारी बसलेले एक गृहस्थ म्हणाले पण, "शिस्त चांगली आहे हो इथे." मी मान डोलावली आणि पावती घडी करून खिशात टाकली.

मला नावं ठेवायचा हक्क नाही खरं तर. थोरला आठ-नऊ वर्षांचा असताना त्याच्या बॅचला मदतनीस कोच हवा होता, मी हौसेने हात वर केला आणि पुढची तीन वर्षं शनिवार-रविवार मीसुद्धा हीच रांग लावली. का लावली ते आता कळतं. वीस पोरं अंगावर सोडली की पहिली भीती वाटते ती कोणाला लागेल याची, आणि दुसरी, जी आपण कोणाला सांगत नाही, ती म्हणजे आपल्याला काही येत नाही हे आईबापांना कळेल याची. रांग लावली की दोन्हीवर उतारा मिळतो. गोंधळ संपतो, आपण मधोमध शिट्टी घेऊन उभे राहतो, एकेक पोर समोरून जातं आणि प्रत्येकाला काहीतरी सांगता येतं, "डोकं वर", "डाव्या पायाने", "गुडघा वाकव", म्हणजे आपण शिकवतोय असं आईबापांनाही वाटतं आणि आपल्यालाही. पोरं चार आठवड्यांत कोनांमधून बॉल काढण्यात खरोखरच पटाईत व्हायची. मग मॅच असायची, कोनांच्या जागी माणसं यायची, आणि माणसं काय, हलतात, पाय घालतात, अंगावर येतात. त्यात आमच्या पोरांची जी त्रेधा उडायची ती बघून मी घरी येऊन ठरवायचो की अजून ड्रिल घ्यायला पाहिजेत.

पावतीच्या त्या प्रकारानंतर मी रात्री जागून वाचायला लागलो, एखाद्या आजाराचं नाव कळल्यावर माणूस वाचतो ना, तसं. आणि पहिलीच गोष्ट जी सापडली ती होती १९७८ सालची, केर आणि बूथ या दोघांनी केलेला एक अगदी साधा प्रयोग. लहान मुलांना छोटी पिशवी खुणेवर टाकायला लावली. आठ वर्षांच्या मुलांचे दोन गट. एका गटाने फक्त तीन फुटांवरून टाकायचा सराव केला. दुसऱ्याने दोन फुटांवरून आणि चार फुटांवरून, तीन फुटांवरून नाहीच. परीक्षा घेतली तीन फुटांवरून. आता कोणीही म्हणेल की पहिला गट जिंकणार, त्यांनी तेच तर घोटलं होतं. जिंकला दुसरा. ज्यांनी तीन फुटांवरून सरावच केला नव्हता ते!

मी हे दोनदा वाचलं. मग लगेच पुढच्याच वर्षीचं, १९७९ चं, शी आणि मॉर्गन यांचं काम सापडलं. त्यांनी हाताच्या तीन वेगवेगळ्या हालचाली शिकवल्या, एका गटाला आधी पहिली पूर्ण घोटून, मग दुसरी, मग तिसरी, आणि दुसऱ्या गटाला तिन्ही मिसळून, कधी ही कधी ती. सराव चालू असताना घोटणारे पुढे होते, साहजिकच. दहा मिनिटांनी आणि परत दहा दिवसांनी तपासलं तर मिसळवाले पुढे. म्हणजे सराव बघायला आलेल्या माणसाने निकाल बरोबर उलटा लावला असता! आणि प्रॅक्टिस बघायला आलेला माणूस म्हणजे कोण, तर मी, तुम्ही, ते शेजारचे गृहस्थ.

याच्याही आधीचा एक माणूस मला फार आवडला, निकोलाय बर्नस्टाइन. १९२० च्या दशकात मॉस्कोमध्ये कामगारांच्या हालचालींचा अभ्यास करायचा, सांध्यांवर छोटे दिवे लावून हातोडा मारणाऱ्या कसलेल्या कामगारांचे फोटो काढायचा. अपेक्षा अशी की इतकी वर्षं तोच घाव घालणाऱ्या माणसाचा हात दर वेळी एकाच रेषेत जात असेल. तसं नव्हतंच. हातोडा येऊन पडायचा बरोबर जागेवर, पण खांदा, कोपर, मनगट दर घावाला थोड्या वेगळ्या वाटेने जायचे, एकाची चूक दुसरा सांभाळून घ्यायचा. त्याचं म्हणणं होतं की सराव करताना आपण एकच उत्तर पुन्हा पुन्हा गिरवत नसतो, ते उत्तर दर वेळी नव्याने शोधत असतो. मला एकदम शाळेतली गिरवायची वही आठवली. आम्ही पोरांकडून पाय गिरवून घेत होतो.

बरं, मग पोरांना सोडून द्यायचं का? हा प्रश्न मला बायकोनेच विचारला. मला तिला नीट उत्तर देता येईना म्हणून मी तिला आमच्याच ग्राउंडवरची एक गोष्ट सांगितली, जी मी वर्षानुवर्षं बघत होतो पण बघितली नव्हती. प्रॅक्टिस संपल्यावर आईबाप बोलत उभे असतात त्या वीस मिनिटांत पोरं स्वतःहून खेळतात. टीम त्यांच्या तेच पाडतात. गोल म्हणून दोन बॅगा. कोणी लहान भाऊ आला असेल तर त्याला घेतात, आणि "त्याचा गोल डबल" असा नियम तिथल्या तिथे होतो. आणि जे मोठ्यांच्या खेळात मी कधीच बघितलं नाही ते म्हणजे पाच-शून्य झालं की कोणीतरी ओरडतं, "ए, मजा नाही येत, तू इकडे ये", आणि टीम बदलतात. आम्ही मोठे असलो की पाच-शून्यला जिंकणारा कोच अजून एक गोल मागतो आणि हरणारा कोच पोरांवर ओरडतो. खेळ चुरशीचा ठेवायची अक्कल त्या नऊ वर्षांच्या पोरांना होती, आम्हाला नव्हती.

त्या वीस मिनिटांच्या पण काड्या मारल्या मी नंतर एकदा, न राहवून. लेकीच्या ६१ झाल्या.

जाँ कोते नावाचे कॅनडातले अभ्यासक आहेत, ते अशा खेळाला सरावाइतकंच वजन देतात. त्यांच्या मांडणीत साधारण सहा ते बारा हे वय वेगवेगळे खेळ चाखून बघायचं, तेरा ते पंधरा थोडं आवरून घ्यायचं, आणि त्यानंतर हवं तर एकाच्या मागे लागायचं. हे ऐकलं की आपल्याकडे लगेच "एक ना धड भाराभर चिंध्या" तोंडावर येतं, माझ्याही आलं. आणि समोर टायगर वूड्स उभा असतोच, जो दोन वर्षांचा असताना १९७८ मध्ये टीव्हीवर गोल्फ खेळून दाखवत होता. तो खरा आहे, नाकारता येत नाही. पण त्याच्या शेजारी फेडरर पण खरा आहे, जो लहानपणी फुटबॉल, बास्केटबॉल, बॅडमिंटन आणि काय काय खेळत होता. एकेक उदाहरण काढून भांडत बसलो तर रात्र पुरणार नाही, म्हणून मला २०२१ मध्ये आर्ने गुलिख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेली मोजदाद बरी वाटली. ६,०९६ खेळाडूंची माहिती एकत्र केली, त्यात ७७२ अगदी जागतिक पातळीवरचे. वयोगटातल्या स्पर्धा गाजवणारी मुलं लवकर सुरू केलेली, एकाच खेळात जास्त घोटलेली, भराभर पुढे गेलेली निघाली. मोठेपणी जगात वर पोचलेले मात्र नेमके उलटे, मुख्य खेळ उशिरा धरलेला, लहानपणी इतर खेळ जास्त खेळलेले आणि सुरुवातीला प्रगती हळू. म्हणजे बारा वर्षांखालची ट्रॉफी आणायची असेल तर आपण करतोय ते अगदी बरोबर आहे, त्याबद्दल शंका नाही.

काही खेळ वेगळे आहेत, जिम्नॅस्टिक्स किंवा फिगर स्केटिंग, तिथे लवकर सुरू करावंच लागतं असं म्हणतात. पण तिथेही मोठ्यांना शेवटी लाज वाटली असावी, बायकांच्या जिम्नॅस्टिक्समध्ये १९९७ पासून किमान वय १६ झालं, आणि स्केटिंगवाल्यांनी २०२२ मध्ये, पंधरा वर्षांच्या मुलीच्या डोपिंग टेस्टवरून ऑलिंपिकमध्ये एवढं रामायण झाल्यावर, ते १५ वरून टप्प्याटप्प्याने १७ करायचं ठरवलं.

आता त्या पोराचं सांगतो, ज्याच्यासाठी मी खरं तर हे लिहायला बसलोय.

थोरल्याच्या बॅचमध्ये एक डिसेंबरात जन्मलेला मुलगा होता. सगळ्यात बुटका, बूट एक नंबर मोठे, पण बॉल येण्याआधी मान वळवून बघायचा. त्या वयात कोणी बघत नाही, सगळे बॉलच्या मागे मधमाश्यांसारखे. याला पास कुठे द्यायचा ते आधीच माहीत असायचं. प्रॉब्लेम एकच, पास पोचायचा नाही, पायात जोरच नव्हता, आणि कोणी खांदा लावला की गडी आडवा. स्पर्धेसाठी बारा जण निवडायचे होते. मी आणि हेड कोच यादी घेऊन बसलो, त्याच्या नावावर फार तर दहा सेकंद बोललो असू. "लहान आहे रे, पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षी परत तेच झालं, कारण पुढच्या वर्षी बाकीचेही वर्षाने मोठे झाले होते की! तिसऱ्या वर्षी तो आलाच नाही.

वयोगट १ जानेवारीला कापले की जानेवारीचं पोर आणि डिसेंबरचं पोर एकाच रांगेत येतं आणि आठ-नऊ वर्षांच्या वयात अकरा महिने म्हणजे आयुष्याचा नववा-दहावा हिस्सा झाला. हे पहिल्यांदा लक्षात आलं ते पण गंमतशीरच आहे. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ रॉजर बार्नस्ले ज्युनिअर आइस हॉकीची मॅच बघायला गेले होते, त्यांची बायको पॉला माहितीपत्रक चाळत होती आणि तिला दिसलं की खेळाडूंच्या जन्मतारखांमध्ये जानेवारी, फेब्रुवारी, मार्चचीच गर्दी आहे. १९८५ मध्ये त्यांनी त्यावर लिहिलं, आणि मग कितीतरी देशांत, कितीतरी खेळांत तेच निघालं. आपण म्हणतो ना, मुलाचे पाय पाळण्यात दिसतात. त्यातले बरेचसे पाय आधी पाळण्यात पडलेले होते एवढंच.

आणि हे फक्त वाढदिवसाचं झालं. त्यावर वयात येण्याचा घोळ वेगळा. मुलींची उंची साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास आणि मुलांची चौदाव्याच्या आसपास सगळ्यात वेगाने वाढते, मुलांची तर तेव्हा वर्षाला ८-१० सेंटिमीटर, पण हे सरासरीचं झालं, कोणाचं लवकर कोणाचं उशिरा, त्यामुळे तेरा वर्षांच्या दोन मुलांमध्ये शरीराने दोन-तीन वर्षांचं अंतर सहज असतं. एकाला मिसरूड फुटलेली, दुसऱ्याचा आवाजही फुटलेला नाही, आणि आम्ही कडेला उभे राहून म्हणतो, "हा बघ कसा डॉमिनेट करतोय." मग त्या मोठ्या पोराला जास्त मॅचेस, चांगला कोच, शाबासकी मिळते आणि दोन वर्षांनी तो खरंच चांगला झालेला असतो, आणि आम्ही म्हणतो बघा, आमची नजर! नुकसान त्या मोठ्या पोराचंही होतं बरं का. अंगाच्या जोरावर सगळं निभावतंय तोवर तो डोकं वापरायला शिकत नाही, आणि सोळाव्या वर्षी बाकीचे गाठतात तेव्हा त्याच्याकडे दुसरं काही नसतं. इंग्लंडमध्ये प्रीमियर लीगच्या अकादम्यांनी यावर एक प्रयोग केला, मुलांना वयाऐवजी शरीराच्या वाढीनुसार गटात घालून मॅचेस खेळवल्या. लवकर वाढलेल्या मुलांना पहिल्यांदाच घाम फुटला, आणि मागे राहिलेल्यांना पहिल्यांदाच बॉल पायात ठेवायला मिळाला.

मागच्या वर्षी ग्राउंडच्या गेटपाशी एक उंच मुलगा थांबला. "सर, ओळखलं का?" मी ओळखलं नाही. माझ्यापेक्षा चार बोटं उंच, खांदे रुंद. धाकट्या बहिणीला सोडायला आला होता. नाव सांगितलं तेव्हा मी आधी त्याच्या बुटांकडे बघितलं, का कोण जाणे. विचारलं, खेळतोस ना अजून? तर हसून म्हणाला, "नाही सर, मला कुठे येत होतं."

मी काय बोलणार त्यावर. "अरे असं काही नाही" वगैरे काहीतरी पुटपुटलो. तो निघून गेला.

गुडघ्याचं थोडक्यात सांगतो. थोरल्याला बाराव्या वर्षी गुडघ्याच्या खाली, पुढच्या बाजूला, एक दुखरं टेंगूळ आलं. मी म्हणालो, वाढीचं वय आहे, दुखणारच, आणि चार महिने तसाच खेळवला. डॉक्टरांनी नाव सांगितलं ऑसगुड-श्लाटर. १९०३ मध्ये दोघांनी वेगवेगळं नोंदवलेलं, म्हणजे काही नवीन भानगड नाही. हाड भराभर लांब होतं, मांडीचा स्नायू मागे राहतो, आणि गुडघ्याखाली जिथे त्याचा कंडरा चिकटतो तिथे अजून कच्चं असलेलं हाड ओढून ओढून सुजतं. बहुतेक वेळा वाढ थांबली की बरं होतं, पण तोवर भार कमी करावा लागतो. डॉक्टरांनी विचारलं आठवड्याला किती तास खेळतो, मी अभिमानाने सांगितलं सोळा. त्या म्हणाल्या, वय किती? बारा. मग म्हणाल्या, वयापेक्षा जास्त तास नकोत असा एक साधा हिशोब आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये सांगितलेलंच आहे, आठवड्यात एक-दोन दिवस सुट्टी, वर्षातून एकूण तीन महिने तो खेळ बंद, आणि पंधरा-सोळापर्यंत एकाच खेळाला जुंपू नका. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, इथे उतावळा बाप होता आणि गुडघा पोराचा.

तो बरा झाला. पण तेराव्या वर्षी त्याने फुटबॉल सोडला, आणि ते गुडघ्यामुळे नव्हतं.

ते गाडीमुळे होतं असं मला आता वाटतं. मॅच संपली की आम्ही गाडीत बसायचो आणि मी सुरू व्हायचो. आवाज चढवायचो नाही कधी, त्याचा मला अभिमान होता, अगदी शांतपणे, समजावून, "दुसऱ्या हाफमध्ये तू मागे का नाही आलास?", "तो पास बघितला नाहीस का?" वीस मिनिटांचा रस्ता. तो खिडकीतून बाहेर बघायचा. नंतर नंतर मॅच संपल्यावर बूट काढायला फार वेळ लावायला लागला, सगळे गेले तरी हा एकेक लेस सावकाश सोडत बसलेला, आणि मी गाडीत हॉर्न वाजवतोय. मला वाटायचं आळशी आहे. अमांडा व्हिसेक नावाच्या अभ्यासिका आहेत, त्यांनी फुटबॉल खेळणाऱ्या मुलांनाच विचारलं की खेळात मजा कशाने येते. २०१४ मध्ये छापलेल्या त्या यादीत ८१ गोष्टी निघाल्या. जिंकणं ४८ वं. वर काय होतं तर जीव तोडून खेळणं, कोचने नीट वागवणं, खेळायला मिळणं. गाडीतलं विश्लेषण त्या ८१ मध्ये कुठे असेल असं मला वाटत नाही.

याचा अर्थ मुलांना जिंकायचं नसतं असा कोणी काढू नये. सगळ्यांना मेडल वाटून टाका म्हणणाऱ्या लोकांशी माझं फारसं जमत नाही. पोरं जिंकायला अक्षरशः रक्त आटवतात, बॅगेच्या गोलमध्ये बॉल गेला की नाही यावरून मारामारीपर्यंत जातात. फक्त ते पाच मिनिटांत विसरतात, आणि आपण ते तक्त्यात लिहून भिंतीवर लावतो.

नॉर्वेने तो तक्ताच काढून टाकला. मुलांच्या खेळासाठी त्यांचे वेगळे नियम १९८७ पासून आहेत, आणि २००७ मध्ये त्यात मुलांचे हक्क म्हणून जोड दिली. अकरा वर्षांच्या आत निकालांच्या याद्या नाहीत, गुणतक्ते नाहीत, रँकिंग नाही. तेराच्या आत राष्ट्रीय अजिंक्यपद नाही. बारापर्यंत बक्षीस द्यायचं तर सगळ्यांना द्या. म्हणजे आपण ज्याला ढिलाई म्हणू ते सगळं. आणि साधारण ५५ लाखांच्या त्या देशाने २०१८ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये ३९ पदकं आणली, २०२२ मध्ये १६ सुवर्णपदकं. आता बर्फ त्यांच्या दारात आहे, पैसा आहे, नियमांमुळेच पदकं आली असं म्हणणं म्हणजे शुद्ध थाप होईल. मला त्यातून एवढंच दिसतं की दहा वर्षांच्या पोराचं रँकिंग नसलं तरी काही बुडत नाही. बाकीच्यांनीही थोडंथोडं केलंय. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने २०१२ मध्ये ठरवलं की सात-आठ वर्षांखालच्यांनी पाच विरुद्ध पाच खेळायचं, मग सात, मग नऊ, आणि तेरा वर्षांखालच्या गटात गेल्यावरच अकरा. टेनिसवाल्यांनी त्याच वर्षापासून दहा वर्षांखालच्या स्पर्धांना नेहमीचा बॉल बंद करून हळू उसळणारे लाल, केशरी, हिरवे बॉल आणले. सोपं आहे ना? पोराच्या डोक्यावरून जाणारा बॉल असेल तर त्याला टेनिस येत नाही असं म्हणण्यात काय अर्थ.

तर मी परत शिट्टी मागून घेतली. लेकीच्या बॅचची नाही, तिने स्पष्ट सांगितलं, "बाबा, तू माझा कोच नको." बरोबरच आहे तिचं. छोट्यांची बॅच घेतली, सात-आठ वर्षांची, आणि पहिल्याच दिवशी सांगून टाकलं की रांग लावणार नाही. सोळा पोरं, चार छोटी मैदानं आखली, दोन विरुद्ध दोन, दर चार मिनिटांनी जोडी बदल. कधी गोल तीन ठेवतो, कधी बॉल लहान देतो, कधी जागा एवढीशी करतो की खांदा लागल्याशिवाय वळताच येत नाही. सांगायचं कमी करायला मला सगळ्यात जड गेलं. पूर्वी मी "घोटा आवळ, पाय असा वळव" सांगायचो, आता "त्या कोपऱ्यातल्या मैत्रिणीपर्यंत पोचव" एवढंच. गॅब्रिएल वुल्फ यांच्या अभ्यासात हे नीट मांडलंय, लक्ष आपल्या अवयवावर ठेवण्यापेक्षा बॉल कुठे जायचाय तिथे ठेवलं की शरीर आपलं आपण जमवून घेतं. पण तोंड बंद ठेवायची सवय नसते ना माणसाला. पहिले दोन महिने मी जिभेवर दात ठेवून उभा होतो.

आणि दिसायला? भयंकर दिसतं. एकीकडे बॉल बाहेर, दुसरीकडे दोघं पडलेत, एक पोरगी "हा फाउल आहे" म्हणून रडतेय, एकजण उलट्याच गोलमध्ये मारून नाचतोय. तिसऱ्या आठवड्यात एक आई माझ्याकडे आल्या, आवाज अगदी सभ्य, "सर, शिकवायला कधी सुरू करणार?" मी त्यांना ते पिशव्या टाकायच्या प्रयोगाचं सांगायला लागलो, दोन फूट, चार फूट, त्यांच्या चेहऱ्याकडे बघून निम्म्यात थांबलो. दोन मुलं सोडून गेली, दुसऱ्या बॅचला, जिथे रांग आहे. मी त्या आईबापांच्या जागी असतो तर कदाचित मीही तेच केलं असतं.

टीम निवडायला सांगतात तेव्हा मी अजूनही अडकतो. यादी समोर आली की माझी नजर आपोआप मोठ्या अंगाच्या पोरांवर जाते, इतकं सगळं वाचून सुद्धा. म्हणून नावापुढे जन्ममहिना लिहून ठेवतो आणि डिसेंबर दिसला की पेन खाली ठेवतो. थोरला आता कधीतरी येतो मदतीला, पोरांमध्ये उतरून खेळतो, गोलकीपर होऊन मुद्दाम चुकतो. गाडीत आम्ही गाणी लावतो.

गेल्या रविवारी शेवटची पंधरा मिनिटं मी सगळ्यांना मोकळं सोडलं होतं, आठ विरुद्ध आठ, टीम त्यांनीच पाडलेल्या. मध्ये एकदा सगळे थांबले, काहीतरी जोरात वाद झाला, हातवारे, तिघं इकडून तिकडे गेले, दोघं तिकडून इकडे आले, परत सुरू. कडेला उभे असलेले एक बाबा माझ्याकडे आले आणि म्हणाले, "सर, स्कोर काय?" मला माहीत नव्हता. मी पळत जाणाऱ्या एकाला विचारलं, तो म्हणाला सात-चार. त्याच्या मागचा ओरडला, "खोटं, सहा-सहा!" मी गोलपाशी उभ्या असलेल्या मुलीला विचारलं, तिने ग्लोव्ह्जने नाक पुसलं आणि म्हणाली, "ते कॅन्सल केलं सर. आम्ही पहिल्यापासून चालू केलंय."